शिंपीदादांच्या फळीवरचा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. शिलाईच्या दुकानात, दोऱ्यांच्या रिळांशेजारी माझी तीस वर्षे गेली. माझे मालक शिंपीदादा. कात्री हातात घेण्याआधी ते माझा कान पिळत. मग बातम्या, गाणी, नाटके यांच्या सोबतीने त्यांचे मशीन धावे. माप देऊन झाले तरी गिऱ्हाईक हलत नसे. तेव्हा मी फुगून गेलो होतो, हे कबूल करतो.

त्यांच्या मुलीला माझ्यातून बोलायचे होते. पण रेडिओ केंद्रावरच्या आवाजाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. मग तिने फोनवर स्वतःचा पॉडकास्ट सुरू केला. त्यात ती कष्टकरी माणसांच्या गोष्टी सांगे. ज्याने त्याने आपल्या सवडीने ऐकावे. पहिला भाग वडिलांवरच होता. तो ऐकवायला ती धावतच दुकानात आली. दादांनी मान वर केली नाही.

"रेडिओनं नाकारलं ते मी कशाला ऐकू?" ते म्हणाले, आणि त्यांनी माझा आवाज वाढवला.

मला तेव्हा बरे वाटले. आज त्याचीच लाज वाटते.

पुढे ती नोकरीसाठी परगावी गेली. तिची आई प्रत्येक नवा भाग ऐके आणि दादांपाशी विषय काढून पाही. ते ऐकून न ऐकल्यासारखे करत.

हळूहळू दादा माझा आवाज आणखी वाढवू लागले. मीच बिघडलो, असे ठरले. दुरुस्तीवाल्याने मला उघडले, झटकले, पुन्हा मिटले. "पेटी ठणठणीत आहे. कान तपासून घ्या," तो म्हणाला. दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन वर्षे ते डॉक्टरांकडे फिरकले नाहीत. गेले, तेव्हा कानातल्या यंत्राचाही फारसा उपयोग उरला नव्हता.

एका दुपारी त्यांनी मशीन थांबवले आणि बायकोला म्हणाले, "पोरीचं ते लाव. माझ्यावरचं."

तिने फोन त्यांच्या कानाशी धरला. मला शब्द न् शब्द कळत होता. बाबांचे मशीन थांबले की मला झोपेतून जाग यायची, असे ती सांगत होती. दादा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

मग हळूच म्हणाले, "नुसती भुणभुण येतेय गं. काय म्हणाली ती?"

तिची आई एकेक वाक्य मोठ्याने सांगू लागली. दादा मान हलवत होते. पण आवाज लेकीचा नव्हता.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायला सवड नसेल तर राहू द्या. पण घरातले कोणी काही ऐकवायला आले, तर हातातले काम ठेवून आधी ते ऐका. लेक धावत दुकानात आली, त्या दिवशी मी घटकाभर बंद पडलो असतो, तर किती बरे झाले असते.