हसऱ्या पाकिटाची सुनावणी

पावडरशेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. परदेशात कॉफी मिक्स आणून विकायचं त्यानं ठरवलं, तेव्हा मित्रांनी ते चिकटवलं. आणि खोटं कशाला बोला, त्यालाही ते आवडलं. शेठ म्हणवून घ्यायला कुणाला नको असतं? शेठजवळ एकूण होतं काय, तर भाड्याचा एक गाळा, एक वजनकाटा आणि बंदरावरच्या सरकारी गोदामात अडकून पडलेली बारा हजार पाकिटं.

पाकीट अगदी साधं. कॉफी, चिकोरी, साखर, दूध पावडर. गरम पाणी ओता, ढवळा, प्या. पण त्या देशात माणसाच्या घशाखाली काही उतरायचं तर आधी साहेबांच्या टेबलावरून शंभर कागद उतरावे लागतात. पहिल्या खेपेला फाइल परत आली, कारण 'दूध' हा शब्द ठळक नव्हता. दुसऱ्या खेपेला अक्षरं पाव मिलिमीटरनं ठेंगणी निघाली. तिसऱ्यांदा हरकत आली ती कपाच्या चित्रावर. आत कप नाही, तर ग्राहकाला आशा का लावता? मग 'सोबत कप मिळणार नाही' अशी ओळ टाकली. एवढं सगळं शेठनं मुकाट सोसलं. चौथ्या पत्रानं मात्र त्याला घाम फुटला.

पाकिटावर एक बाई हसत होती. लेबल खात्यातल्या अधिकारीबाईंचं म्हणणं असं, की हे हसू म्हणजे परिणामाचा दावा आहे. ही कॉफी पिऊन माणूस एवढा खूश होतो, हे सिद्ध करा. फोटोतल्याच व्यक्तीनं समितीसमोर कॉफी प्यावी आणि फोटोइतकंच हसावं, कमी नाही, जास्त नाही. सोबत मोजमापाचा तक्ता जोडला होता: दिसणारे दात सहा, खळी एक, उजवीकडे. मुदत दहा दिवस. नाही जमलं तर माल भट्टीत.

आता ही हसणारी बाई कोण, तर शेठची थोरली बहीण. आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

कारण मिश्रण सगळं ताईचं. चिकोरी भाजायची तिनं, तीनदा चाळायची तिनं, चिमूटभर मीठ घालायची अक्कलसुद्धा तिचीच. शेठनं पाकीट छापताना मागच्या बाजूला 'निर्माता' म्हणून स्वतःचं नाव टाकलं, आणि पुढे ताईचा कुठल्याशा लग्नातला फोटो कापून लावला, तोही न विचारता. आयत्या बिळावर नागोबा झालास की रे, असं दाजी तोंडावर बोलले. ताई काहीच बोलली नाही. त्या दिवसापासून सव्वा वर्ष झालं, भावाचं नाव निघालं की तिच्या तोंडात मिठाची गुळणी. कबूल केलेला माल तिनं दिवसरात्र खपून वेळेवर पाठवला, पण निरोपांची ने-आण दाजींनी करायची. फोनवर ती शेजारी बसलेली कळायची, मधूनच खोकायची, पण फोन हातात घ्यायची नाही.

माल जळाला तर आपण बुडणार, हे त्याला कळत होतं. पण त्याची झोप उडाली ती वेगळ्याच धास्तीनं. ताईची सहा महिन्यांची मेहनत आपल्या शहाणपणापायी भट्टीत गेली, तर ती आयुष्यात पुन्हा आपल्याशी बोलणार नाही. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? त्यानं दाजींना सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की ती येतेय. तुझ्यासाठी नाही, पावडरीसाठी.

ताई आली. विमानतळावर तिनं बॅग भावाच्या हातात दिली आणि घरापर्यंत गप्पा मारल्या त्या टॅक्सीवाल्याशी.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, सीलबंद किटली, थर्मामीटर आणि स्टॉपवॉच होतं. टेबलाच्या एका टोकाला अधिकारीबाई बसल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला दात मोजायला खास नेमलेले सरकारी दंतवैद्य. फोटोतली व्यक्ती कॉफी पिण्याआधीपासूनच खूश नाही ना, याची खात्री पहिल्यांदा करायची होती. ताईनं भावाकडे एकदा बघितलं. दंतवैद्यांनी लगेच सही ठोकली.

पाणी मोजून दीडशे मिलिलिटर, ऐंशी अंशांवर. ताईनं पहिला कप शांतपणे संपवला. तीन मिनिटं झाली, दात शून्य. कॉफी कशी आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली की उत्तम आहे, माझ्या हातची वाईट कशी होईल? चेहरा मात्र पोलादी. दुसरा कप झाला, पुन्हा शून्य. शेठनं मागून भुवया नाचवल्या, गाल फुगवले, तेव्हा बाह्य प्रभाव टाकल्याबद्दल त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करण्यात आलं. एवढा वाढलेला घोडा तो, शाळकरी पोरासारखा भिंतीचे पोपडे बघत राहिला. मागे तिसरा कपही गेला. शून्य ते शून्यच.

अधिकारीबाईंनी फाइल बंद करायला घेतली. एक शेवटचा रकाना कोरा होता, तेवढा भरायचा म्हणून त्यांनी भिंतीच्या दिशेनं विचारलं, "मिश्रणाचे निर्माते आपणच ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," तो भिंतीला म्हणाला. "हे मिश्रण माझ्या ताईनं बनवलंय. मी फक्त पाकीट छापलं."

मग दंतवैद्यांची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला, आणि ते हळूहळू मोजायला लागले. दोन. चार. पाच. सहा. खळी आहे, उजवीकडेच आहे. शेठला वळून बघायची इतकी घाई झाली, की त्याचं कपाळ भिंतीवर आपटलं. पण परवानगी मिळून तो वळेस्तोवर ताईचं तोंड मिटलेलं होतं.

निकाल तासाभरात लागला. हसू खरं आहे, हे समितीला मान्य होतं. पण ते कॉफीमुळे आलं नसून वाक्यामुळे आलं, म्हणून वाक्य हा तयार करण्याच्या कृतीचाच भाग धरावा लागेल. नवी कृती अशी ठरली: पाकीट कपात ओता, गरम पाणी घाला, 'हे मिश्रण ताईनं बनवलं आहे' असं मोठ्यानं म्हणा, ढवळा. माल सुटेल, पण प्रत्येक पाकिटावर तसा स्टिकर हवा. शिवाय आयातदारानं प्रत्येक स्टिकर साक्षीदारासमोर वाचून दाखवायचा, म्हणजे चुकीचा लागायला नको. साक्षीदार फोटोतलीच व्यक्ती. आता या नियमापुढे काय डोकं फोडणार?

दुसऱ्या दिवसापासून गोदामात दोन स्टुलं पडली. ताई रजिस्टर घेऊन एकावर, भाऊ दुसऱ्यावर, मध्ये खोक्यांची चळत. पाकीट उचलायचं, स्टिकर चिकटवायचा, वाचायचा, ताईनं रेघ ओढायची. पहिली हजारभर पाकिटं शेठनं पाढे म्हटल्यासारखी उरकली. दोन हजारांपुढे त्याला शब्द ऐकू यायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका पाकिटाशी तो वाचायचाच थांबला.

"ताई, चुकलं गं माझं," तो म्हणाला. "तुझं नाव टाकायचं माझ्या जिवावर आलं. लाज वाटते मला."

ताईनं त्याच्या हातातलं पाकीट घेतलं, चष्मा सारून स्टिकर दोनदा तपासला.

"हे कृतीत नाहीये," ती म्हणाली. सव्वा वर्षात ती त्याच्याशी बोललेली पहिली गोष्ट. मग तिनं रजिस्टरखाली झाकून ठेवलेला, सकाळपासून चालू असलेला फोन काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

"पुढचं घे. आणि जरा मोठ्यानं वाच, तुझ्या दाजींना नीट ऐकू येत नाहीये."