गोड्या विहिरीत सोडलेले मासे

मुरुम गावच्या हिंमतरावांनी जन्मभर खाऱ्या पाण्याचा धसका घेतलेला. बोअरला खारं पाणी लागलं की त्यांच्या भागात माणूस कपाळाला हात लावून बसतो. आणि इथे त्यांचा लेक कृष्णराज चांगल्या फिल्टरच्या पाण्यात पुड्या फोडून मीठ कालवत होता! नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये काचेची टाकी, तिच्यात दोन मासे. एक निळाशार, दुसरा पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, वा वा करायचे. हिंमतरावांनी एकदा गुपचूप बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये टाकीतच जन्मले का रं?"

"न्हाय आप्पा, समुद्रातनं धरून आणतेत," लेक छाती फुगवून म्हणाला.

आधी धरून आणायचं, वर असलं पाणी पाजायचं! म्हाताऱ्याला जेवण गोड लागेना.

कृष्णराज सोलापूरला गेला तशी त्यांनी संधी साधली. मासे बादलीत घेतले आणि बंगल्यामागच्या शेतातली विहीर गाठली. ऐन उन्हाळ्यात निम्मं गाव घागरी घेऊन यायचं, इतकं गोड पाणी तिचं. पायऱ्या उतरून त्यांनी बादली हलकेच कलती केली.

"जावा बाबांनो, सुटलाव," ते म्हणाले आणि तिथेच टेकले. लई दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

थोड्या वेळाने निळा मासा गरगरू लागला, मग आडवा पडून तरंगायला लागला. नारिंगी पायरीशी येऊन नुसता तोंड उघडत, मिटत राहिला. हिंमतराव घाईने पाण्यात वाकले. ओंजळीने दोघांना बादलीत घालून ते धापा टाकत घराकडे पळाले.

"अर्पिता! मीठ आण गं, मीठ!"

सून डबा घेऊन धावत आली आणि बादलीत डोकावून जागीच थबकली.

"मामा, समुद्राचे जीव हाईत ते. गोड्या पाण्यात जगत न्हाईत ओ."

तरी हिंमतरावांनी मूठभर मीठ टाकलं, हाताने ढवळलं. मासे हलले नाहीत. आयुष्यात त्यांनी कुणाचं इतकं वाईट केलं नव्हतं, आणि तेही माया करायला जाऊन.

संध्याकाळी लेक आला. हिंमतराव मान खाली घालून त्याच्यासमोर उभे राहिले.

"म्या मारले रं त्यांना."

कृष्णराज हसला. "जाऊ द्या की आप्पा. फोन केला की दुकानवाला दुसरे धाडतोय. तसंबी समुद्रातनं हितं येईस्तोवर निम्मे मरतेत. त्यो जास्तीचेच धरून ठिवतोय."

हिंमतरावांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं.

"निम्मे? आन् तुला ह्ये ठावं हुतं?"

"समद्यांनाच ठावं असतंय," म्हणत त्याने खिशातून फोन काढला आणि दुकानवाल्याचा नंबर लावला. "आप्पा, ह्या येळी कंच्या रंगाचे मागवू?"

हिंमतराव लेकाच्या तोंडाकडे बघतच राहिले. हा पोरगा आपल्या हाताखाली वाढला, हे त्यांना खरंच वाटेना.