उंडीची फळे आणि न झडणारा माड

उंडीच्या झाडाची एकही फांदी तलावावर येत नव्हती. झाड आणि पाणी यांच्यामध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता. तरीही हंगामात रोज सकाळी उंडीची फळे तलावात तरंगत असत.

मित्रांनो, मी एक जुना झेला आहे. झेला म्हणजे आंबे उतरवण्याचे साधन. लांब बांबू, त्याच्या टोकाला लोखंडी कडे, कड्याला सुतळीची जाळी आणि कड्याच्या ओठावर एक धारदार पाते. पात्याने देठ कापायचा आणि फळ जाळीत झेलायचे, इतकेच माझे काम. ते सोपे वाटते. पण देठ आखूड कापला तर चीक फळावर सांडतो आणि सालीवर डाग पडतो. माझा बांबू माझे मालक आप्पा यांनी स्वतः निवडला, शेकून सरळ केला आणि जाळीही स्वतः विणली. पुष्कळ वर्षे रत्नागिरीजवळच्या त्यांच्या कलमांच्या बागेत मी हापूस उतरवला. माझ्या जाळीतून आलेल्या आंब्याला जमिनीचा मार लागत नाही, असे आप्पा व्यापाऱ्यांना सांगत. विधान खरे होते, म्हणून मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे हलक्या धातूचे झेले आले. ते वजनाला कमी आणि पावसात न कुजणारे. त्यांच्याविरुद्ध बोलण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मला पडवीच्या आढ्याला अडकवले गेले आणि तिथे माझ्या जाळीत एका कोळिणीने आपली जाळी विणली. कामाच्या दृष्टीने तिची जाळी अधिक चांगली होती.

मला खाली उतरवले ते आप्पांच्या सूनबाईंनी. मनस्वी देवरूखच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवत असत. ती नोकरी सोडून त्यांनी घराच्या मागच्या परसात पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि एक पोहण्याचा तलाव बांधला. आप्पा त्या तलावाला शेवटपर्यंत टाकीच म्हणत. मनस्वींनी माझी सुतळीची जाळी काढली आणि जुन्या मच्छरदाणीचे कापड कड्याला शिवले. पाण्यावरचा पाचोळा उचलण्याचे काम माझ्याकडे आले.

"आंब्याचा झेला, आणि त्यान पानं उचलायची?" आप्पा म्हणाले.

"आढ्याला लटकून तो काय करत होता, आप्पा?"

"लटकत होता. मानान लटकत होता."

माझे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी म्हणालो असतो की मला पाणी आवडले. आंबा वर असतो आणि त्याच्याकडे पाहताना डोळ्यांत ऊन येते. पाण्यावर तरंगणारी वस्तू मात्र खाली असते आणि निवांत पाहता येते. ती कुठून आली असेल, असा विचार करायला वेळ मिळतो.

तलावाभोवती सावली हवी होती. पण सावली देणारे झाड कचराही देते. कोणते झाड किती कचरा देते हे लोकांना विचारून मनस्वींचे समाधान होईना, कारण प्रत्येक जण आपल्या दारचे झाड स्वच्छ असल्याचे सांगे. म्हणून त्यांनी संध्याकाळी एकेका झाडाखाली पांढरी चादर अंथरायची आणि सकाळी तिच्यावर काय पडले ते पाहायचे असे ठरवले. शेजारच्या मासूमा पहिल्याच सकाळी गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय गो मनस्वी, आमच्या जांभळीचं बाळंतपण हाय काय, खाली चादर अंथरलीस ती?"

"बघत्येय, किती पानं टाकते."

"मला विचारायचंस. रोज झाडते ती मी!"

चादरींनी सांगितलेली माहिती उपयोगाची होती. शेवग्याची आणि गुलमोहराची पाने इतकी बारीक की माझ्या कापडातूनही निसटतील. बकुळीची फुले सुंदर, पण ती पाण्यात कुजतात. जांभळाचा डाग फरशीवरून जात नाही. नारळीच्या झाडाखाली पाहुण्यांना झोपवणे हा प्रयोग कोणी करू नये. देवचाफ्याची पाने मोठी, एकेक करून उचलता येणारी. म्हणून तो पसंत पडला आणि दूरच्या कडेला लागला. पाण्याच्या अगदी जवळ, पश्चिमेच्या बाजूला, हातखंब्याच्या एका रोपवाटिकेतून आणलेले, नारळाचे नव्हे तर पंख्यासारख्या पानांचे शोभेचे माड उभे राहिले. त्यांचे पान वाळले तरी खोडाला चिकटून राहते. ते आपण कापू तेव्हाच खाली येते. मनस्वींनी त्यांच्याखालीही चादर अंथरून पाहिली. सकाळी ती कोरी होती.

उंडीचे झाड मात्र कोणी निवडले नव्हते. ते पूर्वेला, गडग्यापलीकडे, थोड्या चढावर आधीपासून होते. उंडीच्या बियांचे तेल निघते. ते तेल होडीच्या लाकडाला चोपडले की लाकूड खाऱ्या पाण्यात टिकते. आप्पा बिया गोळा करत, वाळवत, तेल काढून आणत आणि ते मासूमांच्या घरी देत. त्यांचे यजमान अली होडीला ते लावत. त्याबद्दल वर्षभर, मासळी असेल त्या दिवशी, आप्पांच्या पडवीत एक वाटा येऊन पडे. यात कधी हिशेब झाला नाही. आप्पांच्या पत्नीच्या आजारपणात अलींची होडी बंदरात बांधून ठेवलेली होती आणि अली इस्पितळाच्या बाकावर बसून होते, हे मी पडवीत लटकत असताना पुष्कळदा ऐकले आहे. उंडी गेली असती तर मासळी बंद झाली नसती, असे मला वाटते. पण मग ती उपकार म्हणून आली असती, आणि आप्पांना ते चालले नसते.

माड लावल्यानंतर तिसऱ्या वर्षी तलावात उंडीची फळे दिसू लागली. बहुतेकांची साल आणि गर गेलेला, आत नुसते गोल कवच. ती नेहमी पूर्वेच्या कोपऱ्यात, म्हणजे उंडीच्या बाजूलाच, जमलेली असत. मी ती उचलत असे. एका पाहुणीने त्यांचा फोटो काढून तलाव अस्वच्छ असल्याचे जगजाहीर केले. विनीत, म्हणजे मनस्वींचे यजमान, मुंबईहून फोनवर म्हणाले, "एका झाडापायी धंदा बुडवायचा काय?"

मनस्वी घाईने निष्कर्ष काढणाऱ्या नव्हत्या. फळे उतारावरून गडगडत येत असतील म्हणून त्यांनी गडग्यातल्या सगळ्या फटी बुजवल्या. फळे येतच राहिली. वाऱ्याने येत असतील म्हणून त्यांनी वारा पडलेल्या सकाळी पाहिले. तेव्हाही फळे होतीच.

"खारीचं काम ते," मासूमा म्हणाल्या.

"खार पोहायला येते?" मनस्वींनी विचारले.

त्यांच्यापाशी दुसरे स्पष्टीकरण उरले नाही. फळ उंडीचे, सापडते उंडीच्या बाजूला. मग दोष उंडीचा. नाताळच्या सुट्टीच्या आधी झाड पाडायचे ठरले, परवानगी आली आणि गंगाराम या लाकूडतोड्याला सोमवारचा दिवस दिला गेला. 

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. उजाडता उजाडता, मनस्वी उठण्यापूर्वी, आप्पा परसात येत. तलावात उतरणे त्यांना जमत नसे आणि माझी लांबी त्यांच्या हातांना आता पेलत नसे. पण माडांखालच्या फरशीवर वाकून ते काहीतरी वेचत आणि सदऱ्याच्या खिशात टाकत. ती उंडीची फळे होती. जितकी कमी दिसतील तितका झाडावरचा राग कमी, असा त्यांचा हिशेब असावा. मी भिंतीला टेकून उभा होतो. झेल्याला साक्षीला कोणी बोलावत नाही.

रविवारी संध्याकाळी वीज गेली. सोमवारी सकाळी मनस्वी मला घेऊन तलावापाशी आल्या आणि पूर्वेच्या कोपऱ्यात मला पाण्यात घालून तशाच थांबल्या. कोपरा रिकामा होता. फळे होती, पण ती पश्चिमेला, तिसऱ्या माडाच्या पायथ्याशी तरंगत होती.

पाणी गाळणारा पंप रात्रभर चालू असे. त्याचे पाणी ओढून घेणारे तोंड पूर्वेच्या कोपऱ्यात बसवलेले होते. पृष्ठभागावर जे काही पडेल ते हळूहळू त्या तोंडाकडे सरकत जाई. त्या रात्री पंप बंद होता.

गंगाराम करवत आणि दोर घेऊन येऊन उभा होता. "वहिनी, सुरू करू काय?"

"थांबा जरा."

मनस्वी पश्चिमेकडे गेल्या, पण अजून त्यांना खात्री नव्हती. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याने फळे पूर्वेकडून इकडे ढकलली असतील, अशी शंका त्यांनी स्वतःच काढली. मग त्यांनी फरशी पाहिली.

"इथेच वरून पडत असतील तर काही फरशीवरही पडायला हवीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एकही नाही. म्हणजे वाऱ्यानेच आली. करा सुरू, गंगाराम."

गंगारामने दोर खांद्यावर घेतला. आप्पा पडवीच्या पायरीवर बसले होते. ते उठले, फरशीपर्यंत आले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. मुठीतून उंडीची फळे त्यांनी एकेक करून मनस्वींच्या ओंजळीत ठेवली.

"ही कुठली, आप्पा?"

"इथलीच. आत्ताच वेचली."

"इथली म्हणजे नेमकी कुठली?"

"ह्या माडाच्या बुडातली. रोजच असतात. तू झाड तोडशील म्हणून लपवली गो."

मनस्वी हसल्या, आणि मग हसता हसता त्यांचे डोळे भरले. "आप्पा, हीच तर हवी होती! फरशीवर पंप नाही, पाणी नाही, लाटही नाही. फळ फरशीवर आहे म्हणजे ते वरून पडलंय. तुम्ही झाडाचा साक्षीदार खिशात घालून फिरत होतात."

"मला काय ठाऊक? मी म्हटलं, पुरावा हाय तो नाहीसा करावा."

"वकील नाही झालात ते बरं," गडग्यावरून मासूमा म्हणाल्या. त्या केव्हा आल्या ते कोणाला कळले नव्हते. "अशिलाला फाशी दिली असतीत."

सगळ्यांनी वर पाहिले. तिसऱ्या माडाचे एक पान इतरांसारखे पसरलेले नव्हते. त्याचे पट्टे मधल्या दांड्याभोवती खाली झुकून मिटलेल्या छत्रीसारखे झाले होते. पान वाळलेले नव्हते. ते हिरवे होते आणि त्याच्या शिरा एका गोल रेषेत कुरतडलेल्या दिसत होत्या. मनस्वींनी ओंजळीतली फळे फरशीवर ठेवली आणि मला दोन्ही हातांनी उचलले. पुष्कळ वर्षांनी माझे कडे पुन्हा आभाळाकडे गेले. त्यांनी माझ्या टोकाने तो पट्ट्यांचा पडदा अगदी हळू बाजूला केला.

आत एकमेकांना चिकटून लहान वाघळे, म्हणजे वटवाघळे, लटकत होती; काहींच्या पोटाला पिल्ले बिलगलेली होती. तपकिरी अंगाची, कोल्ह्यासारख्या तोंडाची, मोठ्या डोळ्यांची. एकाने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. लटकण्याबाबत आम्हा दोघांनाही अनुभव होता.

"पाकोळ्या?" आप्पांनी विचारले.

"पाकोळ्या म्हणजे घरात शिरतात ती छोटी वटवाघळं. ती किडे खातात. ही फळं खाणारी आहेत." मनस्वींनी पडदा पुन्हा सोडला.

"मग मी आता काय तोडू?" गंगाराम म्हणाला. "माड?"

"काही नाही. चहा घ्या. पिल्लं मोठी होऊन ती निघून गेली, की तो माड मुळासकट उचलून गडग्यापलीकडे लावायचा. तेव्हा या."

आप्पांनी फरशीवरची फळे परत उचलून घेतली. तेलाला ती चालणार होती. उलट गर आधीच खाल्लेला असल्यामुळे सोलण्याचा त्रास वाचला होता.

मित्रांनो, मी आजही त्याच भिंतीला टेकून असतो. माझे कापड विरले आहे. जमले तर बदला, आणि वापरून झाल्यावर मला उन्हात वाळवा. झाड निवडताना मात्र चादर अंथराच. फक्त ती झाड लहान असताना एकदा अंथरून थांबू नका. त्याची पाने पसरल्यावर पुन्हा अंथरा. मनस्वींची चादर कोरी होती, कारण तेव्हा त्या माडांवर राहायला कोणी आलेले नव्हते.

फळे तलावात येण्याचे कारण असे होते. वाघळांनी माडाच्या पानाच्या शिरा कुरतडून त्याचे घर केले. रात्री ती उंडीची फळे आणून त्या पानाखाली लटकून खात आणि कवचे खाली टाकत. जी पाण्यात पडत ती पंप पूर्वेच्या कोपऱ्यात नेई, आणि जी फरशीवर पडत ती आप्पा खिशात घालत.