पातळ पडलेलं द्रावण

बारावीच्या वीसही मुलींचं रीडिंग चुकलं, तेही एकसारखंच. दहा मिलिलिटर आम्लाला दहा मिलिलिटर कॉस्टिक सोड्याचं द्रावण पुरायला हवं. फिकट गुलाबी रंग यायला साडेअकरा लागत होतं. एखादी चुकेल, वीसजणी एकाच जागी कशा चुकतील? रसायनशास्त्राच्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी आम्ल तपासलं. ते चोख निघालं. म्हणजे कॉस्टिक पातळ झालं होतं, आणि ते तर बाईंनी स्वतः वजन करून बनवलेलं. प्रयोगशाळेची दुसरी किल्ली फक्त सहायकांकडे. हल्ली ते बाईंशी धड बोलतही नव्हते. काही सांगायला जवळ यायचे नि तसेच मागे फिरायचे.

"सहायकांकडून बाटली सांडली असणार, मग नळाखाली धरून भरली," बाई प्राचार्यांना म्हणाल्या. "कुठेतरी पाणी मुरतंय, सर."

"पुरावा?"

"उद्या देते."

बाईंनी नवं द्रावण केलं, बाटलीवर पातळीपाशी पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि घरी गेल्या. सकाळी पातळी रेघेवरच होती. तरीही रीडिंग साडेअकराच!

आता बाईंनी कॉस्टिकची बरणीच उघडली. आतल्या गोळ्या एकमेकींना चिकटून ओल्या झालेल्या. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतं, हे त्यांनीच मागच्या शुक्रवारी वर्गात दाखवलं होतं. तराजूत त्या कॉस्टिकबरोबर पाणीही तोलत होत्या.

"ही बरणी माझ्याकडून उघडी राहिली होती का हो?" त्यांनी सहायकांना विचारलं.

"दोन दिवस. सोमवारी मी झाकण लावलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कसं वाटेल म्हणून आधी जीभ रेटली नाही. काल सांगणारच होतो, तर बाटलीवर रेघ दिसली. म्हटलं, आता काही बोललो तर अंग झटकतोय असंच वाटायचं."

बाईंचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," त्या कशाबशा म्हणाल्या. "सरांच्या कानावरही घातलंय मी."

सहायक बेसिनमधला पिपेट उचलून धुवायला लागले.

बाई तशाच प्राचार्यांकडे गेल्या. तिथे दोन शिक्षक बसले होते. ते उठून जाईपर्यंत थांबता आलं असतं, पण थांबल्या तर धीर सुटेल हे त्यांना ठाऊक होतं.

"सर, द्रावण मीच बिघडवलं," त्या दारातूनच म्हणाल्या.