खुर्ची आली, बसायचं कुठं?

पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात सयाजी फाटकावरचा जमादार झाला आणि कारखान्यानं त्याला बसायला खुर्ची दिली. घोळ इथंच झाला. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसानं संध्याकाळी पोत्यावर बसायचं कसं?

पोतं रहिमानच्या सायकल दुकानातलं. मिसरूड फुटल्यापासून रहिमान, कोंडाजी आणि सयाजी रोज त्याच पोत्यावर बसत, मधे कागदावर भजी, आणि अख्ख्या रहाटणी गावाचे निकाल तिथंच लागत. त्या बैठकीशिवाय सयाजीला अन्न पचत नसे. दोस्ती सुटत नव्हती, पोतं शोभत नव्हतं. शेवटी त्यानं चिंचवडच्या सुताराकडून हात असलेली एक खुर्ची करून घेतली आणि ती डोक्यावर घेऊन दुकानाकडे निघाला.

वाटेत भेटेल तो विचारी, "खुर्ची केवढ्याला, राव?"

दुकानात तो ऐटीत बसला.

"कसं वाटतंय वर, जमादार?" कोंडाजीनं खालून विचारलं.

"हवेशीर हाय."

हवेशीर होतं, पण भजी खालीच राहिली. हात पुरेना; वाकावं तर जमादारकी वाकते. खालची कुजबुजही अर्धीच वर येई. दोघं हसले की सयाजी मागून अंदाजानं हसे. आठवडाभरात गडी वाळला.

शनिवारी कारखान्याचे मोठे साहेब पंक्चर झालेली सायकल ढकलत आले. सयाजी ताडकन उठला, धोतराच्या सोग्यानं खुर्ची पुसली. "बसा साहेब!"

साहेबांना भज्यांचा वास आला होता. ते थेट पोत्यावर बसले, सयाजीच्याच जुन्या जागी, आणि त्यांनी कागद जवळ ओढला.

आता आली का पंचाईत! साहेब खाली असताना जमादार वर बसणार कसा? आणि खालची जागा तर साहेबांनीच घेतलेली. सयाजी खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"हा खुर्ची विकायला आलाय का?" साहेबांनी विचारलं. रोज सलाम ठोकणारा चेहरा त्यांना टोपीशिवाय ओळखू आला नाही.

कोंडाजी फिसकन हसणार, तोच रहिमान म्हणाला, "न्हाई साहेब, आमचा दोस्त हाय त्यो. वाकून माझी कंबर धरती, म्हणून सायकल ठेवायला आणली त्यानं."

आणि त्यानं खरोखर साहेबांची सायकल उचलून खुर्चीत बसवली. मग कोंडाजीला कोपर मारलं, "सरक की रं!"

जागा झाली ती एका मांडीपुरती. सयाजी अर्धा पोत्यावर, अर्धा मातीत टेकला आणि त्यानं आधी भज्यांत हात घातला.

"बघ की, तुझी जमादारकी कशी ऐटीत बसलीया," रहिमान खुर्चीकडं बघत हळूच म्हणाला.

"बसू दे," सयाजी भरल्या तोंडानं म्हणाला. "तिला भजी लागत न्हाईत."