श्वास सोडा

"हात वर. श्वास सोडा."

पडद्याआडच्या बाईने हात वर केले आणि निमूटपणे श्वास सोडला. मापवालीचे तळवे तिच्या खांद्यांवरून निघाले, काखेखालून कमरेपर्यंत आले, कोटाच्या खिशांवर क्षणभर थबकले आणि गुडघ्यांशी थांबले. उठता उठता तिने बाईची मुडपलेली कॉलर सरळ केली आणि पडदा बाजूला सारला.

"झालं. जा."

बाई जिन्याकडे निघाली आणि पहिल्याच पायरीवर थांबून मागे बघू लागली. झडती देताना श्वास कशाला सोडायचा, हा प्रश्न सगळ्यांना जिन्यापाशी पोहोचल्यावरच पडत असे. तोवर पुढची पडद्याआड गेलेली असे आणि तीही श्वास सोडत असे.

नगरपालिकेच्या त्या इमारतीत पडदा लागून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. सरकारने दहशतवादाच्या धोक्याची पातळी 'मध्यम'वरून 'उच्च'वर नेली होती. ठोस माहिती काहीही नाही, हे सारे केवळ खबरदारी म्हणून आहे, असे मंत्रीमहोदयांनी टीव्हीवर हसतमुखाने सांगितले होते. अशा खबरदारीत कोणाचे काय गेले आणि कोणाच्या पदरात काय पडले, याची बेरीज सरकार करत बसत नाही. त्या इमारतीपुरती करायची तर, कचऱ्याच्या पेट्या गेल्या, कारण पेटीत काय ठेवले असेल सांगता येत नाही. त्यामुळे कारकून मंडळी फळांच्या साली खिशात घालून घरी नेऊ लागली. दारातल्या मोठ्या कुंड्या गेल्या. साहेबांच्या गाडीची सावलीतली जागा गेली, आणि याचा आनंद खालच्या मजल्यावर बरेच दिवस पुरला. जमेच्या बाजूला आले ते एवढेच: एक हिरवा पडदा, एक स्टूल आणि स्टुलावर बसणारी ही बाई.

पुरुषांची झडती दारावरचा सुभेदार घेई. तो खराखुरा सुभेदार कधीच नव्हता, पण मिशीमुळे ते पद त्याला चालून आले होते. पहिल्याच दिवशी पडद्यापलीकडून "श्वास सोडा" ऐकून त्याने विचारले होते, "बाई, झडती घेताय का कोट शिवताय?" बाईने खरे ते सांगितले. तिचे उभे आयुष्य बायकांचे कपडे शिवण्यात गेले होते. टेप कमरेभोवती आली की जगातली प्रत्येक बाई पोट आत घेते. तिला श्वास सोडायला लावला नाही, तर कपडा घट्ट होतो आणि बोल शिवणारीला बसतो. ते वाक्य तिच्या तोंडात इतके बसले होते की हातात टेप नसली तरी निघून येई. तेव्हापासून इमारतीत तिचे नाव मापवाली पडले.

तिचे दुकान तयार कपड्यांनी कधीच खाल्ले होते. नवरा त्याच्याही आधी गेला होता. उरल्या होत्या दोन खोल्या, एक मशीन आणि शेजाऱ्यांच्या पडद्यांना टीप मारण्याचे अधूनमधूनचे काम. झडतीचे काम घेतलेल्या ठेकेदाराला तातडीने बायका हव्या होत्या. अंगाला हात लावताना न संकोचणाऱ्या. ही लगेच मिळाली.

एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती. शिवणाऱ्या बाईच्या कॉलरच्या आत एक सुई असते, दोऱ्यासकट. सकाळी कपडे बदलले की सुई जुन्या कॉलरमधून नव्या कॉलरमध्ये जाते. हाताला ते सांगावेही लागत नाही. कामावर आल्यानंतर काही दिवसांनी एका मुलीच्या पिशवीत सुयांचे पाकीट सापडले. मापवालीने ते काढून ठेवले आणि टोकदार काहीही आत नेता येत नाही, जाताना घेऊन जा, असे ठणकावून सांगितले. सांगता सांगता स्वतःच्याच कॉलरमधले टोक तिच्या मानेला लागले. तरी दुसऱ्या दिवशी सुई पुन्हा कॉलरमध्येच होती. जी बाई सगळ्यांची झडती घेते तिची झडती घ्यावी, हे ठेकेदाराच्या नियमांत कुठे नव्हते.

पातळी वाढल्याचा दुसरा फायदा रोज संध्याकाळी फोनवरून येई. मुलगा दूरच्या शहरात विमा कंपनीत होता. जोखीम मोजणे हाच त्याचा धंदा, पण आईची जोखीम आजवर त्याच्या कोष्टकात बसली नव्हती. एखाद्या रविवारी आठवण झाली तर फोन. आता मात्र तो रोज करू लागला.

"आई, पोहोचलीस ना घरी?"

नवरा गेल्यापासून हे तिला कोणी विचारले नव्हते. सुरुवातीला बोलणे बातम्यांवर चाले. मग बातम्या संपल्या आणि नातीचा पडलेला दात, सुनेची कंबरदुखी, शेजारच्यांचा कुत्रा असले सगळे येऊ लागले. फोन ठेवताना तो न चुकता बजावे, "गर्दीत जाऊ नकोस. सरकारी इमारतींच्या तर आसपाससुद्धा फिरकू नकोस."

"मी कशाला मरायला जातेय तिथं," ती म्हणे, आणि दिवसभर वाकून दुखणारे गुडघे चोळत बसे.

मोठ्या बाई पहिल्यांदा आल्या त्या पाणीपट्टीच्या कामाला. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सुभेदारानेसुद्धा त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, त्यामुळे त्या आल्या की तो आपोआप सरळ उभा राही. नळजोडणी वारलेल्या यजमानांच्या नावावर होती, ती त्यांना आपल्या नावावर करून हवी होती. पडद्याआड मापवालीने हात लावला तेव्हा त्या फळ्यासारख्या ताठ झाल्या. "श्वास सोडा," म्हटल्यावर बराच वेळ काही झाले नाही. मग तो सुटला, आणि सुटतच राहिला. इतका श्वास माणूस कुठे साठवून ठेवतो, असे मापवालीला वाटून गेले.

कोटाखाली हात पाठीवर गेला तेव्हा तिला कळले की त्यांच्या झग्याचा वरचा हूक उघडाच आहे. तिने तो लावला. विचारले नाही. पाठीवरचा तो हूक उघडा राहतो याचा अर्थ तिला चांगला ठाऊक होता. तसले हूक असलेले कपडे तिने स्वतः नवरा गेला त्याच वर्षी वापरायचे सोडले होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई पुन्हा आल्या. कागद राहिला होता म्हणे. तिसऱ्या दिवशी पावती. नळ त्यांच्या नावावर झाल्याचे पत्र हातात पडले, तरी त्या येतच राहिल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाकावर थोडा वेळ बसत आणि परत जात. वरचा हूक रोज उघडा असे. मापवाली तो रोज लावी. दोघींचे बोलणे ठरलेले होते.

"सापडलं काही?"

"काही नाही."

"नीट बघ गं. या वयाची माणसं काय बाळगतील नेम नाही."

"बघितलं नीट. काही नाही. जा."

चौकशीच्या खिडकीतला कारकून एकदा मापवालीला म्हणाला की या बाईंचे काम कधीच झाले, उगीच येऊन बाक झिजवतात, तुम्ही विचारत कसे नाही? मापवालीने सांगितले की तिचे काम आत काय नेतात ते बघण्याचे आहे, आत कशाला जातात ते विचारण्याचे नाही. कारकून खिडकीआड गेला.

मग पातळीचा फेरविचार होणार अशी बातमी आली. इमारतीत सगळ्यांना ती उतरायला हवी होती. कारकुनांना कचऱ्याच्या पेट्या परत हव्या होत्या, साहेबांना सावली. मापवाली रात्रीच्या बातम्यांपुढे बसली तेव्हा तिच्या लक्षात आले की आपल्याला ती उतरायला नको आहे. तिला स्फोट नको होता. कोणाच्या केसालाही धक्का लागायला नको होता. फक्त सरकारची काळजी तेवढी टिकायला हवी होती, जरा वेळ, उन्हाळ्यापर्यंत तरी. हे मनात आल्यावर तिने टीव्ही बंद केला, जणू निवेदिकेने ऐकलेच असते.

पातळी उतरली. 'उच्च'वरून पुन्हा 'मध्यम'. मंत्रीमहोदयांनी त्याच हसतमुखाने नागरिकांचे आभार मानले.

मुलाचा फोन त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर आला. आवाजात सुटकेचा सूर होता. "चला, मिटली एकदाची काळजी. डोक्याला नुसता घोर होता, आई. आता तूही निवांत, मीही निवांत."

"हो ना. निवांत," ती म्हणाली.

"आता रविवारी करतो मग."

कुठल्या रविवारी, हे तिने विचारले नाही. नातीच्या दाताचे मात्र विचारले. नवा आला होता.

ओळखपत्र जमा करायला ती शेवटची गेली तेव्हा दारातून आत येताना तिला कोणी अडवले नाही. पडदा निघाला होता. भिंतीवर दोन खिळे आणि मधला जरासा उजळ चौकोन राहिला होता. कचऱ्याच्या पेट्या परत आल्या होत्या आणि एवढ्यातच भरल्या होत्या. सुभेदाराने ओळखपत्र खणात टाकले आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला की मापवाली, पुन्हा काही गडबड झाली तर तुम्हालाच बोलावू. तो चांगल्या मनाने म्हणाला. तीही बरं म्हणाली.

ती वळली तर दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. पडदा जिथे होता तिथे त्या आल्या, भिंतीकडे पाहिले, मग तिच्याकडे. लोक दोन्ही बाजूंनी ये-जा करत होते. मोठ्या बाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि हात वर केले.

सुभेदार काही बोलायला गेला. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो रजिस्टर चाळू लागला.

मापवालीने तळवे त्यांच्या खांद्यांवर ठेवले. काखेखालून कमरेपर्यंत, खिशांवरून गुडघ्यांपर्यंत, सगळे रीतसर. मग पाठीवर. हूक उघडा होता.

"हा पुढून लावता येईल असा करून देऊ?" हूक लावता लावता तिने हळूच विचारले. "कठीण नाही. तुमचं तुम्हाला जमेल मग."

"नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाठीवरच असू दे." मग म्हणाल्या, "सापडलं काही?"

"काही नाही."

मोठ्या बाईंनी हात खाली घेतले, पण पिशवी उचलली नाही.

"आता तू. हात वर कर."

मापवालीला हसू आले. त्या हसत नव्हत्या. मापवालीने आजूबाजूला पाहिले आणि हात वर केले. दुसऱ्याचे हात असे अंगावरून कधी फिरले होते ते तिला आठवेना. मोठ्या बाईंना काहीच नीट येत नव्हते. खांद्यावर त्या नको तितक्या थांबल्या, खिसे विसरल्या, परत खांद्याकडे आल्या.

"श्वास सोड," त्या म्हणाल्या.

तो आपण धरून ठेवला आहे हे मापवालीला तेव्हाच कळले.

मग बोटे कॉलरपाशी आली आणि थांबली. मोठ्या बाईंनी कॉलर किंचित उलटली. आत सुई होती, पांढऱ्या दोऱ्यासकट. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "इतके दिवस?"

"इतके दिवस."

मोठ्या बाईंनी कॉलर पुन्हा दुमडली, वरून अंगठा फिरवून बसवली आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात, सुभेदाराला ऐकू जाईल असे, म्हणाल्या:

"काही नाही सापडलं. जा."

मापवालीने हात खाली घेतले. 'जा' ऐकून आजवर सगळ्या आत गेल्या होत्या; तिला जायचे होते ते बाहेर.