अकरा जणांची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. दर्यापूरच्या शाळेच्या माळ्यावर मला गुंडाळून ठेवले आहे. मित्रांनो, माझे सूत आता इतके विरले आहे की कोणी झटकले तरी भीती वाटते. फार बोलण्याची शक्ती उरलेली नाही. पण माझ्यावर बसून शिकलेल्या एका वर्गाची हकीगत माझ्याजवळ आहे. ती सांगून टाकते.

अकोटात हाजराबी नावाच्या विणकर बाईने मला विणले. एक पट्टा निळा, एक लाल. तिचे खांदे दुखून येत, तरी ती वीण सैल पडू देत नसे. तिचा नवरा म्हणाला, "इतनी मेहनत कायको? शाळे का माल है."

"बच्चे बैठेंगे इस पर," ती म्हणाली. "सँभाल के थोडेच बैठेंगे?" आणि तिने पुढचा पट्टा आणखी घट्ट ठोकला.

१८६१ साली मी दर्यापूरला आले. देवीदास मास्तरांनी सारवलेल्या जमिनीवर मला अंथरले आणि अकरा मुले येऊन बसली. पाटलांचा रामराव पहिले दोन दिवस एका टोकाला एकटाच बसला. त्याला घरी गादीची सवय होती. तिसऱ्या दिवशी त्याला बेरीज येईना, म्हणून तो रंगाऱ्याच्या सत्तारची पाटी बघायला सरकला तो तिथलाच झाला. सत्तारच्या दुसऱ्या बाजूला चंद्रभान बसे. नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याचा हा मुलगा मोठा प्रश्न विचारणारा. मास्तर एक सांगत, तो चार विचारी.

दुसऱ्या वर्षी मास्तरांनी मुलांना सांगितले की, समुद्रापलीकडे लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस बंद झाला आहे, म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसाला साहेबाच्या देशात मागणी आली आहे. त्या लढाईचा माझ्याशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते. पण त्या हिवाळ्यात माझे पट्टे रिकामे पडू लागले. कोणी वेचणीला गेला, कोणी सरकी काढायला. गावात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि वर्गात सातच मुले उरली.

एका सकाळी नत्थुजी शाळेच्या दारात उभे राहिले. "मास्तर, चंद्रभानले घेऊन जातो. गाडीवर मानूस नाई."

"काहून नेता? हुशार आहे पोरगा," मास्तर म्हणाले.

"हुशार हाय मनूनच गाडी सोपवून राहिलो ना. असं साल पुन्हा येनार नाई. येचनी सरली का आनून बसवतो."

"कापूस दरसाल येते, नत्थुजी. पोराचं शिकायचं वय दरसाल येत नाही."

नत्थुजींनी खाली पाहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. एवढेच म्हणाले, "मले बी समजते, मास्तर." आणि मुलाला घेऊन गेले.

मास्तरांनी चंद्रभानला कोरे कागद शिवून दिले. "शाळेत येता येत नाही, तर रस्त्यात जे दिसते ते लिही," असे सांगितले. दर आठवड्याला अमरावतीच्या बाजारात कापूस पोचवून गाडी परतली की तो सत्तारला गाठी. सत्तार त्याला झालेले धडे सांगे, त्याच्या लिहिण्यातल्या चुका काढी. दोघे माझ्यावर पालथे पडून वाद घालत. वेचणी सरल्यावर चंद्रभान खरेच परत येऊन बसला. पण पुढच्या हंगामात पुन्हा गेला.

त्या हंगामात एका व्यापाऱ्याने शाळेची खोली कापूस भरायला मागितली आणि गावाने दिली. शाळा सत्तारच्या वडिलांच्या, अब्दुल गफ्फारच्या ओसरीवर आली. रोज मला उचलून न्यायचे, अंथरायचे, पुन्हा गुंडाळायचे. मधे कोणी मला कापसाच्या गाडीवरही घातले. वंगणाचे काळे डाग तेव्हाचे आहेत. मी फार थकले होते. मास्तरही थकले होते. कधी कधी तीन मुलांपुढे ते तीसजण असल्यासारखे शिकवत आणि मधेच पुस्तक मिटून ठेवत.

१८६४ च्या माघात अमरावतीच्या बाजारात पटकीची साथ आली. गाड्या तीन तीन दिवस रांगेत अडकल्या होत्या. एकच विहीर, तिच्यावर सगळ्यांचे पाणी. चंद्रभान परतीच्या वाटेवर खोलापूरजवळ वारला. गाडी दुसऱ्या गाडीवानाने घरी आणली.

सत्तार तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी आला, तेव्हा रामरावने आपली पाटी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवशी मास्तरांनी काही शिकवले नाही.

पुढच्या वर्षी लढाई संपली, मागणी पडली. व्यापाऱ्याने खोली रिकामी केली. आम्ही परत आलो तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यात सरकी सांडलेली होती.

१८६६ साली सत्तार, रामराव आणि आणखी दोघे असे चौघे शेवटच्या परीक्षेला बसले आणि चौघेही पास झाले. निरोपाच्या दिवशी मास्तरांनी पहिल्या वर्षाचे हजेरीपुस्तक काढले आणि अकराही नावे वाचली. जो नव्हता, त्याच्याबद्दल बाकीचे सांगत. एकजण परतवाड्याला दुकानात होता. एकजण हिवरखेडला मामाकडे शेती करी. एकाचा पत्ताच कोणाला नव्हता, आणि ते कळल्यावर चौघांनाही ओशाळल्यासारखे झाले. दुपार अशीच गेली. कोणी कोणाचा डबा खाल्ला होता, तपासणीला आलेल्या डिप्टीसाहेबांपुढे रामराव कसा पाढा विसरला होता, हे सारे निघाले. हसू आले, पण ते अर्ध्यातच विरे.

मग मास्तर म्हणाले, "चंद्रभान नत्थुजी."

दाराशी नत्थुजी उभे होते. ते कधी आले ते कोणी पाहिले नव्हते. त्यांच्या हातात तो शिवलेला कागदांचा गठ्ठा होता.

"मास्तर, हे घरी पडून हाय. मले वाचता येत नाई. काय लिवलं त्यानं?"

सत्तारने उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना माझ्यावर बसवले. चंद्रभान बसे, तिथेच. मास्तरांनी चष्मा पुसला, पण त्यांना वाचवेना. वाचले सत्तारने.

"वलगावच्या अलीकडे एक म्हातारी गाडीवानांना पाणी देते. तिचे नाव दुर्गाबाई. तिला मी नाव विचारणारा पहिलाच. पूर्णेच्या पात्रात बैल थांबतात, तेव्हा बाबा सोबत असले तर त्यांना मारत नाहीत. म्हणतात, पाहू दे त्यांना बी नदी."

नत्थुजी ऐकत होते. त्यांचा हात माझ्या काठावरून फिरत होता. "त्या वाटेनं मी जलमभर गेलो," ते म्हणाले. "त्या बाईचं नाव मले ठाव नोतं." मग म्हणाले, "पुढचं वाच, बापू."

सत्तारने सगळे वाचले. ऊन उतरेपर्यंत कोणी उठले नाही. जाताना नत्थुजींनी कागद शाळेतच ठेवले आणि म्हणाले, "नव्या पोरायले वाचून दाखवा."

पुढे सत्तार अकोल्याला आगगाडीच्या ठेसनात नोकरीला लागला. रामराव पाटीलकी बघू लागला. मास्तरांनी आणखी काही वर्ग शिकवले. मग नवी सतरंजी आली आणि मी माळ्यावर गेले. माझी तक्रार नाही. बसणाऱ्यांनी झिजवले, त्याचे दुःख कसले?

पण मित्रांनो, थकलेल्या सतरंजीचे एक ऐका. तुम्ही जिच्यावर बसता ती वस्तू झाडून, उन्हात टाकून, उसवली तर शिवून वापरा. आणि तुमच्या शेजारची जागा दोन दिवस रिकामी राहिली, तर तिच्यावर पाय पसरू नका. तिसऱ्या दिवशी तिथे बसणाऱ्याच्या घरी जा आणि विचारा, काहून आला नाही.